थंड प्रदेशातल्या जंगलांना खत कोण घालतं?

चाफेकळी | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, लेकीचा आहे. आठवीत आहे ती. तिच्या मावशीनं ऑक्टोबरातल्या अमेरिकेतल्या जंगलांचे फोटो दाखवले. डोंगरच्या डोंगर लाल, केशरी, पिवळे. बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "आई, आपल्या मोगऱ्याला तू दर पंधरा दिवसांनी खत घालतेस, नाही घातलंस तर तो रुसतो. ही एवढाली झाडं दरवर्षी सगळी पानं टाकतात आणि पुन्हा नवी काढतात. त्यांना खत कोण घालतं?"

मी म्हटलं, पानं खाली कुजतात, तेच त्यांचं खत. तर लगेच, "मग टाकायचीच कशाला? वरच ठेवून द्यायची की!"

इथे माझी गाडी अडली. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सध्या पिंपळ आणि सोनमोहर दोघांची पानगळ जोरात आहे. सकाळी सहाला खराटा सुरू होतो आणि आठपर्यंत पोती भरून कचऱ्याच्या गाडीत जातात. लेकीचा प्रश्न ऐकल्यापासून ती पोती बघवत नाहीत. आपण झाडाच्या ताटातलं उचलून नेतोय का? जाणकारांनी जरा फोड करून सांगा.

लोकल८०५ | ३ मार्च, रात्री ९:५२

लेकीला शंभर गुण. खुर्ची टाकून बसलोय.

खडूफळा | ४ मार्च, सकाळी ७:१५

चाफेकळी, मी दादरला कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात फार थोड्यांनी विचारला. लेकीला माझ्याकडून शाबासकी.

थंड प्रदेशातलं झाड पान टाकण्याआधी ते रिकामं करतं. इथूनच सुरुवात करू या, कारण बहुतेकांना वाटतं की पान पिवळं झालं म्हणजे ते मरत चाललंय. प्रत्यक्षात त्या दोनतीन आठवड्यांत पानात फार धावपळ चालू असते. हिरव्या पानातला बराचसा नायट्रोजन प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत अडकलेला असतो, त्यातही रुबिस्को नावाच्या एका प्रथिनात. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या की झाड ही प्रथिनं मोडून त्यांची अमिनो आम्लं करतं आणि रसवाहिन्यांमधून फांद्या, साल आणि मुळांकडे परत पाठवतं. फॉस्फरसचंही तेच. जाती आणि जमिनीप्रमाणे आकडा कमीजास्त होतो, पण पानातला साधारण अर्धा किंवा त्याहून थोडा जास्त नायट्रोजन आणि फॉस्फरस पान गळण्याआधीच झाडात परत गेलेला असतो. हिरव्या पानाच्या सुक्या वजनात नायट्रोजन दोन टक्क्यांच्या आसपास धरला, तर गळलेल्या पानात तो जेमतेम एक टक्का उरतो. वसंतात नवी पालवी फुटते ती आधी या साठ्यावर. जमीन तेव्हा गारच असते, मुळं पुरती जागी झालेली नसतात.

गिरगावातल्या चाळीतली खोली सोडताना आपण काय करायचो? भांडी, गाद्या, पंखा, घड्याळ, देवाचा फोटो, सगळं काढून न्यायचो. ओटा आणि भिंतीतली मांडणी मात्र तिथेच राहायची. पानातलं कॅल्शियम तसं आहे. ते पेशींच्या भिंतीतच बसवलेलं असतं आणि रसवाहिन्यांतून त्याला उलटं नेता येत नाही. म्हणून पान म्हातारं होतं तसं त्यातलं कॅल्शियम वाढत जातं आणि सगळंच्या सगळं जमिनीवर येतं. पोटॅशियमची तऱ्हा तिसरीच. ते कशाला बांधलेलंच नसतं. पाऊस पानांवरून ओघळतो तेव्हा चहाच्या पातीतून रंग उतरावा तसं ते पाण्यात उतरतं. त्यामुळे जमिनीला पोटॅशियम मिळायला पानगळीचीही वाट बघावी लागत नाही.

रंगांबद्दल दोन ओळी. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हरितद्रव्य मोडलं की तो दिसू लागतो. लाल रंग मात्र झाड त्या दिवसांत नव्यानं तयार करतं. जायच्या तयारीतल्या पानानं हा खर्च का करावा, यावर वाद आहे. एक मत असं की आवराआवर चालू असताना उन्हाचा मारा कमी व्हावा म्हणून ही छत्री धरलेली असते. मला हे मत पटतं.

जमिनीवर पुढे काय होतं ते संध्याकाळी लिहितो. आत्ता फिरायला जायचंय.

किलबिल | ४ मार्च, सकाळी ८:०१

काका, चाळीची उपमा वाचून डोळे भरून आले. आमच्या जुन्या खोलीत भिंतीतला कोनाडा राहून गेला.

बीविंग | ४ मार्च, सकाळी ८:३०

माहिती चांगली आहे, पण दुसरी बाजूही लिहितो. कांदिवलीत आमची सात विंगांची सोसायटी, मी सेक्रेटरी आहे. पानं उचलली नाहीत तर मेच्या शेवटी पहिल्या सरीला गटारं तुंबतात, तळमजल्यावर पाणी येतं आणि पहिला फोन मला. सुकलेल्या ढिगात कुणीतरी विडी टाकतं. एकदा दोन स्कूटर जळाल्या. जंगलात पान पडलं तर मातीवर पडतं, आमच्याकडे ते पेव्हर ब्लॉकवर पडतं. झाडाच्या ताटात ते जाणार कसं?

चाफेकळी | ४ मार्च, सकाळी ९:१०

पेव्हर ब्लॉकचा मुद्दा मनाला लागला. आमच्या पिंपळाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आहे.

गच्चीबाग | ४ मार्च, दुपारी १:२०

माझा अनुभव थोडा उलटा आहे म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी असाच एक लेख वाचून गोरेगावात रस्त्यावरून सोनमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची सुकी पानं दोन गोण्या भरून आणली, हातानं चुरली आणि सरळ कुंड्यांच्या मातीत मिसळली. महिन्याभरात टोमॅटो पिवळे पडले, मिरची खुरटली. मला वाटलं पानांत काही विष असावं. शेजारच्या काकूंनी शेणखताचं पाणी घालायला सांगितलं, तेव्हा झाडं सावरली.

मग "पानं म्हणजे खत" हे खरं कसं?

खडूफळा | ४ मार्च, संध्याकाळी ६:४५

गच्चीबाग, तुमच्या टोमॅटोंनीच पुढचा धडा सांगितला आहे.

झाडानं आधीच अर्धा नायट्रोजन काढून घेतलेलं पान जमिनीवर पडतं. त्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन थोडा. पन्नासाला एक, कधी साठाला एक असं प्रमाण. ते खायला येणाऱ्या बुरशी आणि जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नायट्रोजन लागतो. साधारण पंचवीसाला एक असं प्रमाण असेल तर त्यांचं भागतं. पानात तेवढा मिळाला नाही की ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात. तुमच्या कुंडीत हेच झालं. टोमॅटोचा घास जिवाणूंनी घेतला. कार्बनचा बराच भाग हवेत उडून गेला, जिवाणू मेले आणि त्यांना खाणारे आले की तोच नायट्रोजन मोकळा होतो. म्हणून पानं आधी वेगळी कुजवायची, कुंडीत नंतर घालायची. खत खरं आहे, पण उधारीवरचं आहे.

जंगलातही हेच घडतं, फक्त तिथे घाई नसते. पानझडी थंड जंगलात वर्षाला हेक्टरी तीन ते पाच टन पाला पडतो. मेपल आणि ॲशची पानं मऊ, ती वर्षा-दोन वर्षांत मातीत मिसळतात. ओक आणि बीचच्या पानांत लिग्निन आणि टॅनिन ही सहज न कुजणारी द्रव्यं जास्त, ती वर्षानुवर्षं थराथरानं साचतात. वर ओळखू येणारी पानं, खाली त्यांचे तुकडे, त्याखाली काळा भुसा आणि मग माती. त्या काळ्या थरात झाडांच्या केसासारख्या बारीक मुळांचं जाळं असतं. वरून घास पडायच्या आत खाली हात पसरलेला.

लोकल८०५ | ४ मार्च, संध्याकाळी ७:३०

काका, बीच हे झाड आहे हे मला आत्ता दुसऱ्या वाचनात कळलं. पहिल्यांदा मी जुहूला पानं साचताना बघत होतो.

अर्धविराम | ४ मार्च, रात्री १०:०५

सगळ्यात भारी गोष्ट कुणी सांगितलीच नाही. जंगलातली झाडं जमिनीखालच्या बुरशीतून एकमेकांना अन्न पाठवतात. म्हातारी झाडं पिल्लांना वाढवतात. म्हणजे खत कोण घालतं या प्रश्नाचं उत्तर "आई घालते"!

खडूफळा | ५ मार्च, सकाळी ७:००

अर्धविराम, उत्तर गोड आहे, पण यातलं पक्कं काय आणि वादातलं काय हे वेगळं करू या. झाडाच्या मुळांवर बुरशी राहते, तिचे तंतू मुळांना पोचता येणार नाही अशा फटींत शिरून नायट्रोजन, फॉस्फरस आणि पाणी आणतात आणि बदल्यात झाड तिला साखर देतं. हे पक्कं आहे. बीच, ओक, पाइन यांची बुरशी एका प्रकारची, मेपल आणि ॲशची दुसऱ्या. पहिल्या प्रकारातल्या काही बुरश्या पाल्यातला नायट्रोजन थेट सोडवून घेऊ शकतात, म्हणून असल्या झाडांना जाड, संथ कुजणारा थर चालतो. पण मोठं झाड बुरशीतून पिल्लाला जाणूनबुजून पोसतं, हे प्रत्यक्ष जंगलात किती घडतं यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मुलांना सांगताना हा फरक राखू या. पहिली गोष्टही काही कमी सुंदर नाही.

हिमधूळ | ५ मार्च, दुपारी ३:३५

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. आता माहीमला असते, पण त्याआधी चार वर्षं अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला होते. तिथल्या व्हाइट माउंटन्समध्ये हबर्ड ब्रूक नावाचं प्रयोगासाठी राखलेलं जंगल आहे, तिथे दोनदा जाऊन आले. चाफेकळीच्या लेकीचा प्रश्न त्या जंगलाला साठ वर्षांपूर्वी विचारला गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

१९५५ साली अमेरिकेच्या वनखात्यानं ते सुरू केलं. १९६३ पासून बोरमन, लाइकन्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे एक साधी, पण चिकाटीची गोष्ट केली. तिथल्या डोंगरउताराखालचा खडक जवळजवळ पाणी झिरपू न देणारा आहे. त्यामुळे एका खोऱ्यात पडलेलं पाणी एकतर हवेत जातं, नाहीतर त्या खोऱ्याच्या एकाच ओढ्यातून बाहेर पडतं. त्यांनी ओढ्याच्या तोंडाशी व्ही आकाराच्या खाचेचे बंधारे बांधले. पावसातून आणि बर्फातून काय आलं ते मोजायचं, ओढ्यातून काय गेलं ते मोजायचं. जंगलाचं पासबुकच. जमा इकडे, खर्च तिकडे, आठवड्यागणिक नोंद.

पासबुकावरून दिसलं ते असं. धडधाकट जंगलातून बाहेर फार थोडं जातं. झाडांना वर्षाला जेवढा नायट्रोजन लागतो त्यातला बहुतेक त्याच जंगलातल्या कुजण्यातून येतो. पावसातून थोडा येतो, खडक झिजून कॅल्शियम, पोटॅशियम, फॉस्फरस थोडाथोडा येतो, पण रोजचं जेवण घरचंच. त्याच घासाची फिरवाफिरव.

मग त्यांनी १९६५ च्या हिवाळ्यात एका खोऱ्यातली सगळी झाडं तोडली. लाकूड तिथेच पडू दिलं, उचललं नाही, आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून काहीही उगवू दिलं नाही. माती तीच, पाऊस तोच, कुजणारा पाला भरपूर, फक्त घ्यायला झाड नाही. ओढ्यातलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन, चाळीस पटींहून जास्त वाढलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेलं. त्याबरोबर कॅल्शियम आणि पोटॅशियमही वाहून गेलं. स्वच्छ ओढ्यात शेवाळ माजलं.

त्या बंधाऱ्याजवळ मी उभी होते तेव्हा पुन्हा वाढलेल्या जंगलात पाणी अगदी नितळ होतं. जिवाणू खत शिजवत राहतात, पण ते जंगलात टिकतं झाडं ते लगेच उचलतात म्हणून. अर्धविराम यांचं आईवालं उत्तर मी थोडं बदलून म्हणेन, ताटात वाढणारी बुरशी आणि जिवाणू, आणि एक दाणा वाया जाऊ न देणारी मुळं.

लोकल८०५ | ५ मार्च, दुपारी ४:१०

पासबुक! आता कळलं. चक्क बँकेत असल्यासारखं कळलं.

किलबिल | ५ मार्च, संध्याकाळी ५:२५

हिमधूळ ताई, तिथे बर्फ वितळतो तेव्हा झाडांना पानं नसतात ना? मग ते सगळं पाणी खत घेऊन जात असेल की.

हिमधूळ | ५ मार्च, संध्याकाळी ६:००

जातं काही प्रमाणात, वर्षातली मोठी गळती तेव्हाच. पण तिथेही एक राखणदार आहे. एप्रिलच्या शेवटी, झाडं अजून उघडी असताना जमिनीवर ट्राउट लिली नावाची पिवळी वीतभर फुलझाडं दाटीनं उगवतात. वर सावली नाही, खाली बर्फाचं पाणी. ती भराभर नायट्रोजन आणि पोटॅशियम उचलतात. जूनपर्यंत झाडांची सावली पडते, या फुलझाडांची पानं वाळून चटकन कुजतात आणि उचललेलं सगळं झाडांच्या मुळांशी परत येतं, नेमकं झाडांना हवं तेव्हा. १९७६ मध्ये मुलर आणि बोरमन यांनी याला वसंतातला बांध म्हटलं. एवढीशी फुलं आणि काम बांधाचं! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांच्यावरून पाय टाकायला नको वाटलं.

बर्फाचंही एक सांगते. बर्फ म्हणजे जमिनीची गोधडी. जाड थर असला की खालची माती गोठत नाही. तिथे काही तुकड्यांवरचा बर्फ मुद्दाम फावड्यानं उपसून बघितला. माती गोठली, बारीक मुळं मेली आणि नंतर नायट्रेट जास्त वाहिलं. म्हणजे हिवाळा उबदार झाला, बर्फ कमी पडला, तर मुळं उलट जास्त गारठतात.

लोकल८०५ | ५ मार्च, संध्याकाळी ६:१२

अवांतर: मेपलचं ते सरबत पण याच वेळी काढतात ना?

हिमधूळ | ५ मार्च, संध्याकाळी ६:२०

हो, रात्री गोठण आणि दिवसा ऊन असे दिवस आले की खोडाला भोक पाडून रस काढतात. चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो.

वाडीवरचा | ५ मार्च, रात्री ८:४५

म्हणजे मेपलची नीरा! आमच्याकडे माड आणि शिंदी, त्यांच्याकडे मेपल.

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, आता लालबागला. हा धागा वाचून राब आठवला, म्हणून लिहितो. आमच्याकडे मार्च-एप्रिलात ऐन-किंजळाचा कवळ, म्हणजे पाल्यासकट हिरव्या फांद्या, तोडायचे. बाया डोक्यावर भारे घेऊन यायच्या. भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, कवळ, गवत, पातेरा अंथरायचा, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. ती भाजावळ. पावसाळ्यात त्यावर तरवा, म्हणजे भाताची रोपं, कसा तरारून यायचा! आजी म्हणायची, रान देतं म्हणून भात होतो.

आता खडूफळा काकांचं वाचून हिशोब लागला. कवळ हिरवा तोडायचा, म्हणजे झाडाला आवराआवर करायला वेळच द्यायचा नाही. काका, जाळल्यावर काय उरतं हो त्यातलं?

खडूफळा | ५ मार्च, रात्री ९:३०

नायट्रोजन बहुतेक धुरात जातो. राखेत पोटॅश, फॉस्फरस आणि कॅल्शियम उरतं, शिवाय तण आणि किडीची अंडी भाजली जातात, म्हणून तरवा जोमानं येतो. तुमच्या आजीचं म्हणणं शब्दशः बरोबर. रानातली पोषणद्रव्यं उचलून भाताच्या तुकड्यात आणली जायची.

हेच युरोपात झालं, फक्त पाला सुका होता. जर्मनीत गुरांखाली अंथरायला पेंढा पुरायचा नाही म्हणून शेतकरी कित्येक पिढ्या जंगलातला पाला दाताळ्यानं ओढून न्यायचे. जमीन इतकी खंगली की झाडांची वाढ खुंटली. बव्हेरियात एबरमायर नावाच्या संशोधकानं पाल्यातून किती आणि काय जातं याचा हिशोब १८७६ साली मांडला. चाफेकळी, तुमची पोती आणि त्यांची दाताळी यांत फरक एवढाच की त्या पाल्याचं निदान शेणखत व्हायचं, तुमचा डम्पिंगला जातो.

घाटवाट | ६ मार्च, सकाळी ६:५०

अमेरिका-जर्मनी झालं, आपल्याकडचं थंड जंगल राहिलं. गेल्या मे महिन्यात आम्ही दादर-बोरिवलीचे सहा जण कुमाऊँत बिनसरला गेलो होतो. वाटेत एका उतारावर बांज ओकचं जंगल, लगेच पुढच्या उतारावर नुसता चीड, म्हणजे तिथला पाइन. बांजाखाली पाऊल रुततं, काळी ओलसर माती, झरे. चीडाखाली सुयांचा गुळगुळीत गालिचा, त्याला तिथे पिरुल म्हणतात. त्यावरून दोन जण घसरले. पिरुल पेटतोही पटकन. गावातल्या एक आमा, म्हणजे आजी, म्हणाल्या, बांजाचा पाला गोठ्यात, गोठ्यातून शेतात, पिरुल मात्र लवकर सडत नाही.

परत आल्यावर मी शोधून वाचलं. जे. एस. सिंग, रावत आणि चतुर्वेदी यांनी १९८४ साली 'नेचर'मध्ये याच जंगलांबद्दल लिहिलंय. चीड गळण्याआधी सुयांमधून बांजापेक्षा जास्त नायट्रोजन काढून घेतो. म्हणून पडलेली सुई आणखी निकस. मग जिवाणू मातीतला नायट्रोजन धरून बसतात, गच्चीबाग यांच्या कुंडीसारखं. अशा उपाशी मातीत चीडाचं भागतं, बांजाचं रोप उभं राहत नाही. आग लागली, कुऱ्हाड पडली आणि एकदा चीड आला की तो आपल्या सोयीची माती करून ठेवतो.

काटकसर चांगली असं आपण म्हणतो, पण इथे एका झाडाची काटकसर दुसऱ्याला बेघर करते. मला त्या उतारावर फार वाईट वाटलं होतं.

गच्चीबाग | ६ मार्च, सकाळी ७:४०

कुमाऊँचं जंगल आणि माझी कुंडी एका वाक्यात! घाटवाट, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. वाचनखूण साठवली.

अर्धविराम | ६ मार्च, सकाळी १०:१५

मग उलटं झाडही असेल ना? उधळं?

खडूफळा | ६ मार्च, सकाळी ११:००

आहे, आल्डर. ओढ्याकाठी वाढतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू असतात. घरात विहीर असलेला माणूस बादली मोजत नाही, तसं आल्डर पानं बरीचशी हिरवीच टाकून देतो. आजूबाजूची माती आणि ओढ्यातले किडे त्यावर पोसले जातात.

किलबिल | ६ मार्च, दुपारी २:३०

पक्ष्यांचा धागा जोडते. कॅल्शियम पानात राहून जमिनीवर येतं असं काकांनी लिहिलंय. नेदरलँड्समधल्या निकस, आम्लधर्मी जमिनीवरच्या जंगलांत गोगलगायी कमी झाल्या, कारण शंखाला कॅल्शियम मिळेना. ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी अंड्याच्या कवचासाठी त्याच गोगलगायींचे शंख खातो. शंख नाहीत म्हणून अंड्यांची कवचं पातळ, सच्छिद्र, अंडी फुटू लागली. संशोधकांनी शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे ठेवले, तर अंडी सुधारली. माती, पान, गोगलगाय, अंडं. एक कडी सुटली की घरटं रिकामं.

हिमधूळ | ६ मार्च, दुपारी ३:१५

किलबिल, हबर्ड ब्रूकची दुसरी मोठी गोष्ट हीच. कोळशाच्या धुरातून आलेला आम्ल पाऊस अमेरिकेत तिथेच ओळखला गेला. त्या आम्लानं मातीतलं कॅल्शियम हळूहळू धुऊन नेलं आणि शुगर मेपल खंगू लागले. १९९९ च्या ऑक्टोबरात एका खोऱ्यावर हेलिकॉप्टरनं वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज, टाकलं. पुढच्या वर्षांत तिथले मेपल सुधारले. तेव्हा लेकीला सांगा, एकदा माणसानंही खत घातलंय, आधी माणसानंच लुटलं होतं म्हणून.

लोकल८०५ | ६ मार्च, दुपारी ३:४०

मी तर म्हणत होतो सगळीकडे गांडुळं सोडा, काम फत्ते.

हिमधूळ | ६ मार्च, दुपारी ४:०५

तिथे नको! हिमयुगात त्या भागावर बर्फाचे थर होते, त्यामुळे उत्तरेकडच्या बऱ्याच जंगलांत मूळची गांडुळं नाहीतच. युरोपातून रोपांच्या मातीबरोबर, मासेमारीच्या आमिषातून ती आली आणि ज्या जाड थरावर जंगल उभं आहे तोच फस्त करू लागली. रोपं आणि वसंतातली फुलं कमी होतात. आपल्याकडे शेतकऱ्याचा मित्र, तिथे आगंतुक पाहुणा.

बीविंग | ६ मार्च, रात्री ९:००

दोन दिवस वाचतोय. आपलं मुंबईचं गणित या थंड जंगलांसारखंच आहे का? की उगाच तिकडचं इकडे लावतोय?

खडूफळा | ७ मार्च, सकाळी ७:२०

फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तिथे पान गळतं थंडीमुळे, आपल्याकडे पाण्याच्या टंचाईमुळे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आत्ता जाऊन बघा, ऐन, साग, सावर उघडे होत चाललेत. आवराआवर आपली झाडंही करतात. तिथे थंडी कुजणं रोखते, म्हणून पाल्यात आणि मातीत मोठी शिल्लक साठते. आपल्याकडे मार्च ते मे पाला नुसता करकरतो, वाळवी तेवढी काम करते आणि जूनचा पाऊस पडला की ऊब आणि ओल एकदम मिळून जिवाणू तुटून पडतात. शिल्लक थोडी, उलाढाल वेगवान. म्हणूनच आपल्याकडे पाला नेण्याचा फटका लवकर बसतो.

गटाराची तुमची अडचण खरी आहे. सगळी पानं जागेवर राहू द्या असं मी म्हणणार नाही. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडा, आळं करा, तळहाताएवढा जाड थर त्यात घाला. उरलेली पानं एका कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात भरा, स्वयंपाकघरातला ओला कचरा अधूनमधून थरात घाला. पिंजरा ओला ठेवलात तर विडीचीही भीती कमी. ओल्या कचऱ्यातला नायट्रोजन, सुक्या पानातला कार्बन.

बीविंग | ७ मार्च, सकाळी ९:४५

दोन झाडांपुरतं करून बघायला मला हरकत नाही. रविवारच्या मीटिंगला विषय घेतो.

चाफेकळी | ८ मार्च, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. पासबुक आणि वसंतातला बांध तिला फार आवडले. पण ती पक्की आहे. म्हणते, "माझा दुसरा प्रश्न राहिला. वरच का नाही ठेवायची?"

खडूफळा | ९ मार्च, सकाळी ७:०५

खरंच राहिला. माझीच चूक.

हिवाळ्यात जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, पान मात्र वाऱ्याला पाणी देत राहतं. शिवाय पातळ रुंद पान गोठून फाटतं आणि त्यावर बर्फ साचला तर फांदी मोडते. ते टिकवायचं तर जाड, मेणचट, महागडं बांधावं लागतं. स्प्रूस हे सूचीपर्णी झाड तेच करतं. त्याची सुई कित्येक वर्षं झाडावर राहते. निकस जमिनीत हे परवडतं, कारण एकदा मिळवलेला नायट्रोजन अनेक वर्षं वापरता येतो. मेपलनं दुसरा मार्ग धरला. स्वस्त पान, एक उन्हाळा भरपूर कमाई आणि जाण्याआधी अर्धी पुंजी परत खिशात. तिला सांगा, वर ठेवणारीही झाडं आहेत आणि तिचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवलाय.

चाफेकळी | ९ मार्च, रात्री ९:३०

वाचून लगेच कामाला लागली. कांद्याच्या जाळीच्या तीन पिशव्या घेतल्या, एकीत पिंपळ, एकीत सोनमोहर, एकीत बदामाची लाल पानं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येकी ५० ग्रॅम सुकी पानं मोजून भरली, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. मागच्या कुंपणापाशी बदामाखाली माती आहे, तिथे ठेवल्या. झाडूवाल्या मावशींना तिनं स्वतः जाऊन सांगितलं की या उचलायच्या नाहीत. गणपतीत उघडून, सुकवून परत वजन करणार आहे.

खडूफळा | १० मार्च, सकाळी ७:००

जंगलात कुजण्याचा वेग मोजायला संशोधक हेच करतात. फक्त चिठ्ठी पुठ्ठ्याची नको, जुलैत तीही कुजेल. प्लॅस्टिकच्या पट्टीवर नंबर कोरा. आणि चौथी पिशवी जुन्या मच्छरदाणीच्या बारीक जाळीची करा, बदामाच्याच पानांची. त्यात वाळवी आणि गांडूळ शिरणार नाहीत. दोन वजनांतला फरक म्हणजे त्यांनी खाल्लेला वाटा.

चाफेकळी | १० मार्च, सकाळी ७:२५

मच्छरदाणी सापडली. शाळेत जायच्या आधी भरतेय.